शिपायाच्या पायाखालचा दगड

— चार? मोजून चारच ना? नाही, विचारलं आपलं. सम फुलं मेलेल्यासाठी, विषम जित्यासाठी, हे आमच्या लातवियात शेंबड्या पोरालाही कळतं, पण तुमचे उच्चार जरा परदेशी वाटले म्हणून विचारलं. लाल देऊ? शिपायासाठीच असणार, त्या रशियन शिपायाच्या पुतळ्यासाठी. काल क्रेननं उचलला त्याला, आणि सकाळपासून त्या फोडलेल्या चौथऱ्यापुढे रडायला रीघ लागलीय — नाही? पांढरी? बरं बाबा, पांढरी. ती बॅग ठेवा खाली, बादलीशेजारी, त्या मेणकापडावर. देठ कापून देते. वेळ लागेल, बोटं वळत नाहीत आता माझी.

काल बघायला हवं होतं तुम्ही. शिसारी आली मला, शिसारी! शिपायाच्या गळ्यात क्रेनचा पट्टा अडकवला तर लोक टाळ्या वाजवतायत, पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतायत, हातात बिअर — जत्राच की. आणि भाषण कोणाचं? नगराध्यक्षीणबाईंचं! ही बया लहानपणी, रशियनांच्या राज्यात, शाळेचा लाल रुमाल गळ्यात बांधून याच शिपायापुढे पहारा द्यायची, नाक पुसायची शुद्ध नव्हती तेव्हा, मी पाहिलंय ना. काल म्हणते, गुलामीची खूण पुसली. आणि पलीकडे ते दुसरे, रशियनांच्या बाजूचे, छातीवर क्रुसाची खूण करतायत, हुंदके देतायत — आमचा मुक्तिदाता नेला हो! मुक्तिदाता म्हणे. आम्हाला तर तीनदा मुक्त केलंय. आधी रशियन आले मुक्त करायला, मग जर्मन आले मुक्त करायला, मग परत रशियन. मुक्त होऊन होऊन गावात धड पुरुष उरला नाही. आणि फुलं? दोन्हीकडच्यांनी माझ्याकडूनच घेतली. मीही दिली. थू असल्या धंद्यावर, पण पेन्शनीत भागतं का? नाही भागत.

लग्न लागलं की नवरानवरी नोंदणी कचेरीतून सरळ शिपायाकडे — तशी पद्धतच होती. फुलं ठेवायची, फोटो काढायचा, मग जेवायला जायचं. फुलं सम आणावीत की विषम, यावरून विहिणींची जुंपायची. लग्न आहे म्हणून विषम, की हा मेलेला शिपाई म्हणून सम? माझ्या लग्नात पाच होती. पांढऱ्या झग्यात वाकून ठेवली मी. आई मात्र जवळ आली नाही, लांब उभी राहून चौथऱ्याकडे बघत होती. पुढे कितीतरी वर्षांनी, रशियन गेल्यावर, एकदा सूप ढवळता ढवळता म्हणाली, आउस्त्रा, त्या मेल्याच्या पायाखाली तुझ्या आजोबांचा दगड आहे. सूप ढवळता ढवळता! चौथरा बांधायला दगड कमी पडला ना, तेव्हा एका हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाड्या लावून रशियनांनी स्मशानातले थडग्यांवरचे दगड नेले. नावं आतल्या बाजूला वळवून चिणले. गाव बघत होतं. कोण बोलणार?

आईनं मग काय केलं? दर शनिवारी दाताळं घेऊन जायची आणि आजोबांच्या थडग्यावरची वाळू ओढायची. सगळेच ओढतात म्हणा आमच्याकडे, वाळूवर रेघा ताज्या दिसल्या नाहीत तर लोक नावं ठेवतात. पण बाकीच्यांना वर दगड असतो. ही नुसत्या वाळूला रेघा मारायची, जन्मभर. आता ती तिथेच आहे, शेजारी, आणि दाताळं माझ्याकडे.

तर काल शिपाई गेला, चौथरा फोडला, आणि दगड उलटे झाले. नावं! एकामागून एक नावं. वाटलं, आता तरी ही गर्दी गप्प होईल, टोपी काढेल. कसली टोपी! फोन काढले. आजच्या पेपरात फोटो आलाय म्हणे — त्यावरूनच आलात तुम्ही? अस्सं. आणि नगरपालिका काय करणार ठाऊक आहे? सोमवारी खडी. रस्त्याखाली घालणार. त्यांनी पायाखाली घातले, हे चाकाखाली घालतायत.

म्हणून मी — सांगू नका हं कुणाला. तुम्ही काय, परके पाहुणे, आज आहात उद्या नाही. काल फोटो काढून सगळे ट्रकवर निजवलेल्या शिपायाकडे वळले ना, तेव्हा मी हातगाडी नेली, आणि एक तुकडा, काळा, अर्धा फुटलेला, लोटला गाडीत, वर फुलं टाकली. येकाब. एवढंच शिल्लक आहे, पुढचं तुटलंय. पण खाली ओकचं पान कोरलंय. आई सांगायची ना, काळा दगड, ओकचं पान. माझे आजोबा, येकाब ग्रावा. उद्या बसवणार. वाळू ओढून ठेवलीय मी. कुठे आहे? तुमची बॅग ज्याच्यावर आहे ना, मेणकापडाखाली — अहो, उचलू नका — बरं, बघा. बघा, पण हात नका लावू.

काय शोधताय खिशात? फोटो? कोण ही माणसं? तुमचे? कॅनडाला जायच्या आधीचा — बरं, मग मला काय दाखवताय, त्यांच्या मागचा थडग्याचा दगड? ... हो, काळा आहे. हो, पान आहे. देठ डावीकडे वळलेला — दिसतंय मला, चष्मा आहे माझ्याकडे. येकाब. येकाब काय, गावात ढिगानं होते. आणि पान तेव्हा सगळेच कोरून घ्यायचे. एकच पाथरवट होता, तो सगळ्यांना तेच पान...

आईनं सांगितलं होतं मला. काय सांगितलं होतं? काळा दगड. पानाचं ती... काळा दगड म्हणाली होती.

ही घ्या तुमची चार. पैसे नकोत. कुणासाठी ते मला सांगू नका, मी विचारलेलं नाही. काढा तो फोटो माझ्या डोळ्यांसमोरून. निघा तुम्ही. दुकान बंद झालंय — आणि ती बॅग पुन्हा कुठे ठेवलीत? उचला. माझ्या दगडावरून उचला ती बॅग.