अवकाश आहे

दातांच्या दवाखान्यात नंबर लिहून घेणाऱ्या बाईंसमोर गाल सुजलेले एक काका बसले होते. त्यांची मुलगी धापा टाकत आत आली.

"बाबा, माझं ऐकून न घेता फोन काय ठेवता?"

"अगं, इंटर्नशिपचं काय झालं विचारलं, तर तू म्हणालीस अवकाश. म्हटलं, निकालाला अवकाश आहे. बघू निवांत."

"अवकाश संस्थेत, बाबा. उपग्रह सोडतात तिथे. दोन महिने."

"म्हणजे निवड झाली?"

"सातशेतून अकरा जण. त्यात मी."

"आणि मी तुझी समजूत काढत होतो, रडू नकोस म्हणून."

"मी हसत होते."

"आईला सांगितलंस?"

"तुम्हीच सांगितलंत ना, अवकाश आहे म्हणून. ती दुसरीकडचे फॉर्म शोधत बसलीये."

"लाव तिला फोन. तूच बोल. माझ्या या गालातून ती आणखी भलतंच ऐकेल."

तेवढ्यात बाईंनी हाक मारली, "काका, चला, तुमचा नंबर आला."

"दुसऱ्या कुणाला पाठवा हो," काका गाल धरून हसत म्हणाले, "आम्हाला अवकाश आहे."

बाईंनी वहीत त्यांच्या नावापुढे तेच लिहिलं.