थोरलीचा जबाब

हॅलो? … कोण? … पास्टर ओबुरा! बोला, बोला. … हो, मीच, अपोंदी. थोरली. … मालक होडी घेऊन गेलेत सरोवरात. … उद्याच्या बाप्तिस्म्याचं ना? झाली की तयारी. तिघांचे पांढरे कपडे धुऊन वाळत घातलेत.

… तिघांचे म्हणजे तिघांचे. मालकांचे, माझे, धाकटीचे.

… काय? … पुन्हा सांगा. … हं. म्हणजे ओकेलोनं एकच बायको ठेवायची, ती मी. आणि धाकटीनं, अवितीनं, आज सूर्य मावळायच्या आत भावाकडे निघून जायचं. … नाही नाही, नीट ऐकू आलं. कान शाबूत आहेत माझे.

… मालक कबूल झाले? … वाटलंच. दोन दिवस उगालीचा घास घशाखाली उतरत नाही त्यांच्या. त्यांचं मी बघते.

अहो, एकोणीस वर्षं नांदतेय ती इथं! भाऊ दारात उभी करील का तिला? … चर्च बघेल? काय बघेल चर्च? चूल मांडून देणार आहात?

हो, हो… ऐका तर खरं! ह्या घरात देवाची हाक आधी कुणाला आली? तिलाच ना? खुरपता खुरपता गायला लागली, तर मी गावभर सांगत सुटले, सवतीच्या अंगात आलंय म्हणून. वर्षभर टोमणे मारले, पास्टर! एका शब्दानं उलटून बोलली नाही.

मग मला हाक आली. ओमेना मासळी वाळत घालत होते किनाऱ्यावर. 'अपोंदी…' दोनदा. आसपास चिटपाखरू नाही. मी म्हटलं, काय आहे, हात गुंतलेत माझे! … हसताय काय? तिसऱ्यांदा गुडघेच टेकले मी. थोरली का धाकटी, विचारलं नाही त्यानं.

… एक मिनिट हं. धाकटे! अगं, कुत्रा मासळीत तोंड घालतोय, हाकल त्याला! … हां, बोला.

… त्याग? करते की. माझं काय हवं ते मागा. पण तिच्या संसाराचा त्याग मी कसा करू? शेजारणीची कोंबडी कापून पाहुणचार केल्यातला प्रकार हा.

… बायबलातल्या याकोबाच्या बायका तुम्हीच मोजून दाखवल्यात आम्हाला. … हो, जुना करार. ठाऊक आहे.

… नियम वरच्यांचा? असेल. हाक त्यांच्याही वरून आलीय.

… मी चिडले नाही. … बरं, चिडलेय! भीतीही वाटतेय. उद्या तुम्ही मलाही पाण्याबाहेर काढलंत, तर कुठल्या तोंडानं प्रार्थना करू मी? … तरीही नाही. नाही म्हणजे नाही.

आता शेवटचं ऐका. आमच्यात थोरलीनं पहिला दाणा टाकल्याशिवाय धाकटीनं पेरायचं नसतं. नाहीतर घरावर अरिष्ट येतं म्हणतात. एकोणीस वर्षं माझ्या आधी तिनं एक दाणा टाकला नाही. … विषयाचंच बोलतेय! उद्या पाण्यात आधी ती उतरेल.

… यादीत नाव नसू दे. 'नाही' म्हणायचं तर तिथं म्हणा, पाण्यात उभं राहून, तिच्या तोंडावर.

… माझं काय विचारता? मी तिच्या मागे उभी असेन. ठेवते.