चिंचेनं घासलेल्या पट्ट्या

"हॅलो? … हॅलो, कोण, आसाराम भावजी? … बोला, ऐकू यायलंय."

परभणीच्या दवाखान्यातल्या ऑफिसात कुसुमबाईंनी फोनचा चोंगा कानाशी दाबून धरला.

"हो, हो… जरा बरे हायत तुमचे भाऊ. दोनी हात भाजलेत, बांधून ठेवलेत, घासबी मीच भरवायले. … न्हाई, रडत न्हाईत. एकच इचारायलेत सारखं, कापसाच्या जिनातल्या लाइटीच्या बोर्डाच्या त्या दोन तांब्याच्या पट्ट्या तशाच हायत ना. … तशाच म्हंजे वाकलेल्या, भावजी! …

अहो, लाइटीच्या इन्स्पेक्टर साहेबांनी इथं तुमच्यासमोरच सांगितलं ना? एका पट्टीतून करंट जातो, दुसरीतून माघारी येतो. उलट्या वाटेचे दोन करंट एकमेकाला लोटतात. एरवी ते लोटणं मुंगीएवढं. पण शॉर्ट झाला की करंट अफाट, मग तांबंबी वाकतं… एक पट्टी इकडं, एक तिकडं. … हो, तेच! मालक म्हणायलेत, रंगनाथ दारू पिऊन आला अन् बोर्डात पहार घातली. पहारीनं पट्ट्या अशा एकमेकीकडं पाठ करून वाकतेत का? परवा साहेब बघायला यायलेत, त्याच्यावर तर सगळं…

काय? … काय केलं म्हणता?"

कुसुमबाईंनी चोंगा दुसऱ्या कानाला लावला.

"… हातोड्यानं? दोनी? … अन् चिंच लावून घासल्याबी? … हो, खंडेनवमी हाय आज, कळतंय मला. यंत्राची पूजा… वाकडं पुजू नये? कोण म्हणालं? … मालक. … अन् नारळ? … तुमाला फोडायला लावला! दरसाल मुनीम फोडतो, अन् औंदा तुमाला मान. … फेटाबी बांधला? वा. …

न्हाई, तुमच्यावर कशाला चिडू? भोळ्या माणसाच्या हातून काम लय सुबक होतं. … भावजी, थोडी तरी वाक राहिलीय का? नीट आठवा. … सरळ. … एकदम सरळ. …

आता रडून काय?"

आतून रंगनाथची हाक आली. ती पुन्हा आली. कुसुमबाईंनी आवाज खाली घेतला.

"न्हाई, त्यायला अजून ठाऊक न्हाई. … काय, उद्या? … न्हाई भावजी, दसऱ्याचं सोनं द्यायला येऊ नका. … काहून म्हंजे? हात बांधलेत त्यायचे. तुमचं सोनं घेतील कशात?"

पलीकडं आसाराम अजून बोलत होता. कुसुमबाईंनी चोंगा खाली ठेवला.