मेटल म्हणजे धातू नव्हे

पुरवणी जबाब. दि. १२/०२/२०२५, सकाळी ११.१० वा.

मी हौशीराम धोंडू पिंगळे, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी (स्टोअरकीपर) व थोडी भातशेती, शिक्षण नववी पास, रा. वडेश्वर, आंदर मावळ, ता. मावळ, जि. पुणे.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो की, काल दि. ११ रोजी मी याच टेबलासमोर जबाब दिला आहे. त्यातील दोन शब्द चुकले आहेत. त्या दोन शब्दांपायी अमृत दत्तोबा चिमटे, वय २९, टेम्पोचालक, हा कालपासून ताब्यात आहे. आज दुपारी तीन वाजता त्याला चोरीच्या गुन्ह्यात वडगावच्या कोर्टात नेणार असे मला समजले. तरी तीनच्या आत माझे हे म्हणणे लिहून घ्यावे.

मी टाकवे बुद्रुक येथे प्लास्टिकचे डबे बनविणाऱ्या कंपनीत अकरा वर्षे कामास आहे. आमचे डबे लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांकडे जातात. डब्यांसाठी प्लास्टिकचा दोन प्रकारचा दाणा येतो. एक साधा पॉलिप्रॉपिलीन. दुसराही पॉलिप्रॉपिलीनच, पण गोणीवर 'मेटॅलोसिन' असे जास्तीचे छापलेले असते. तीन वर्षांपूर्वी तो प्रथम आला तेव्हा कोणाची जीभ वळेना. मी रजिस्टरात सोपे करून 'मेटल' लिहिले. तेव्हापासून मशीनवर, गेटवर, चहाच्या टपरीवर सगळे त्याला मेटलच म्हणतात. "आज साधा लावायचा का मेटल?" असे ऑपरेटर मला रोज विचारतो. हे बारसे माझ्या हातून झाले, हे मी कबूल करतो.

काल सकाळी ९.४० वाजता मी बारा गोण्या, प्रत्येकी पंचवीस किलो, अमृतच्या टेम्पोत भरून दिल्या. आमचे एक मशीन बंद असल्याने माल नांगरगावला दुसऱ्यांच्या मशीनवर जायचा होता. चलन मी स्वतः लिहिले. त्यावर 'मेटल, १२ बॅग' एवढेच आहे. टेम्पो कान्हे फाट्यावरून जुन्या हायवेला लागला. कामशेतजवळ तांब्याच्या केबल चोरीवरून नाकाबंदी होती, हे आम्हाला माहीत नव्हते.

तेथे हवालदार बाजीराव यांनी चलन वाचून एक गोणी उसवली. आत साबुदाण्यासारखा पांढरा दाणा निघाला. पुढचे बोलणे मला हवालदारांनीच सांगितले, ते असे. हवालदार म्हणाले, "मेटल कुठंय?" अमृत म्हणाला, "ह्येच की मेटल." हवालदारांनी तीनदा विचारले, त्याने तीनदा तेच सांगितले. हवालदारांना तो थट्टा करतोय असे वाटले. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटले असते. त्यांनी असा संशय घेतला की, मेटल वाटेत विकून गोण्यांत प्लास्टिक भरले.

मला दुपारी १.१५ वाजता येथे बोलावले. साहेबांनी विचारले, "गोण्यांत काय भरलंत?" मी म्हणालो, "मेटल." साहेब म्हणाले, "नक्की मेटल?" मी म्हणालो, "व्हय साहेब. माज्या हातानं भरलंय." हे मी खोटे बोललो नाही. आमचे मेटल ते मेटल. शिवाय, सांगायला लाज वाटते, त्या दाण्यात डोळ्याला न दिसणारे बारीक मेटल असेल असेच मी तीन वर्षे धरून चाललो होतो. मेटलची गोणी उचलताना मला ती साध्या गोणीपेक्षा जड लागायची. वजन दोन्हीचे पंचवीसच.

त्यानंतर हवालदारांनी जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक आणून गोणीत फिरवले. काही चिकटले नाही. ते म्हणाले, "बघा, मेटल न्हाई." मी म्हणालो, "न्हाई." ते म्हणाले, "मग गेलं कुटं?" यावर मला उत्तर सुचले नाही. आता सुचते. ते कुठे गेले नाही, ते आलेच नव्हते. पण ही अक्कल मला काल दुपारी आली नाही.

कालचा जबाब महिला कॉन्स्टेबल तेजल मॅडम यांनी लिहिला. त्यांचे अक्षर चांगले आहे, त्यांची काही चूक नाही. मी बोललो मेटल, त्यांनी लिहिले 'धातूच्या बारा गोण्या'. वाचून दाखवताना धातू हा शब्द माझ्या कानावर आला. पण त्याच कागदात माझ्या मोबाईलला भ्रमणध्वनी आणि टेम्पोला मालवाहू वाहन म्हटले होते. मला वाटले सरकारी मराठीत मेटलला असेच म्हणत असतील. म्हणतातही तसेच, हे खरे. मी "बरोबर आहे" म्हणालो आणि सही केली. हा पहिला चुकीचा शब्द.

दुसरा शब्द माझा एकट्याचा आहे. साहेबांनी विचारले होते, "हा तुमचा कोण?" मी म्हणालो, "वळकीचा हाय." अमृत माझा जावई आहे. माझी मुलगी सृष्टी त्याला दिली आहे. कंपनीत लोक आधीच म्हणतात की पिंगळे जावयाचाच टेम्पो अगोदर भरतात. नाते सांगितले तर दोघांनी मिळून केले असे होईल, अशी भीती मला वाटली. मी घाबरलो आणि स्वतःला बाजूला काढले. दार उघडे होते. अमृत बाहेरच्या बाकावर बसला होता. 'सदर इसम ओळखीचा आहे' हे वाक्य वाचले गेले तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे पाहिले.

संध्याकाळी सृष्टीचा फोन आला. ती म्हणाली, "आबा, तुमी काय लिवून दिलं?" मी म्हणालो, जे खरे ते सांगितले. मग खरे सांगून माणूस आत कसा गेला, हे मला तिला समजावता येईना, आणि माझे मलाही समजेना.

आज सकाळी मी तळेगावला आमच्या लॅबच्या इंदिरा मॅडम यांच्या घरी गेलो. त्या काल रजेवर होत्या. त्या लगेच माझ्यासोबत आल्या. त्यांनी साहेबांसमोर दोन डबे ठेवले. साध्या दाण्याच्या डब्याखाली पेपर ठेवला तर अक्षरे धुरकट दिसली. आमच्या मेटलच्या डब्याखाली बारीक जाहिरातसुद्धा साहेबांनी वाचून काढली. मॅडम म्हणाल्या, "हा काचेसारखा दिसतो, चिक्कीला प्लास्टिकचा वास लागू देत नाही, कमी उष्णतेला वितळतो. हाच प्रकार सिरिंजला वापरतात, मास्कच्या कापडालाही."

साहेब म्हणाले, "ते झालं हो. मेटल आहे की नाही?" मॅडम म्हणाल्या, "साहेब, दूध तेच, विरजण वेगळं. नेहमीच्या विरजणानं दही कुठं घट्ट, कुठं पातळ लागतं. या विरजणानं सगळीकडं सारखं. मेटल आहे ते त्या विरजणात. दाण्यात त्यातलं उरतं ते इतकं थोडं, की आमच्या लॅबला दिसत नाही, तुमच्या लोहचुंबकाला काय दिसणार?" साहेबांनी गोणीवरचे नाव बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचले. त्यांना दोनदा वाचावे लागले. मग त्यांनीच पुरवणी जबाब घ्यायला सांगितले.

तरी माझे म्हणणे असे की, बारा गोण्यांत मी जे भरले तेच बारा गोण्यांत सापडले. धातू कधी नव्हता, तो चोरीला गेलेला नाही. रजिस्टरात यापुढे मी पूर्ण नाव लिहीन, हात दुखला तरी चालेल.

हा जबाब मला वाचून दाखविला. कालचा अनुभव असल्याने मी नंतर चष्मा लावून स्वतःही वाचला. चलनाच्या मजकुरात तेजल मॅडमच्या हातून सवयीने पुन्हा 'धातू' पडले होते, ते खोडून 'मेटल' केले व बाजूला माझी सही घेतली. आता माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. 'अमृत माझा जावई आहे' हे वाक्य माझ्या विनंतीवरून पुन्हा एकदा मोठ्याने वाचण्यात आले, कारण दार उघडे आहे आणि तो बाहेर बाकावर बसलेला आहे.

जबाब देणार,
(सही) हौशीराम धोंडू पिंगळे