उतरलेला पटका

(सरदार रायाजीरावांच्या नव्या पुतळ्याभोवती पडदा. पडद्याच्या आत तिघं: स्मारक समितीचे अध्यक्ष दादासाहेब, पुजारी तात्या गुरव आणि शेडग्यांची सगुणा. बाहेर सनई.)

दादासाहेब : हात हलवत आलीस? पटका कुठाय?

सगुणा : जळला.

दादासाहेब : जळला म्हणजे?

सगुणा : आबाच्या चितेवर ठेवला म्या. मार्गशीर्षात. समितीतलं कुणी आलं नव्हतं, म्हणून तुमाला ठावं नसंल.

तात्या : सगुणे, अगं पाहुणे आत्ता येत्याल. पडदा वढला की सरदार बोडके दिसायचे. शिल्पकारानं डोकं उघडंच ओतलंय. समितीनंच तसं सांगितलेलं, पटका दरवर्षी शेडग्यांच्या हातचा बसतो म्हणून.

सगुणा : बघितलं की. मिश्या झ्याक जमल्यात.

दादासाहेब : थट्टा नको. गाडीत कोरा फेटा आहे, जरीचा. तो बांध आणि मोकळी हो.

सगुणा : कोरा चालत न्हाई. तात्या, सांगा ह्यांना.

तात्या : न्हाई चालत, दादासाहेब. सरदारांना भाला लागला तवा शेडग्यांच्या मूळपुरुषानं सोताचं पागोटं सोडून जखम बांधली, खांद्यावर टाकून गावात आणलं. तवापासनं कुणाच्या तरी डोक्यावरनं उतरलेलाच लागतो. म्हातारी माणसं पुढंच बसल्यात. त्यांना कोरा लगेच कळंल.

दादासाहेब : आणि बांधायचा शेडग्यांनीच. ठाऊक आहे मला. म्हणून तर हिला बोलावलं.

सगुणा : औंदा बोलावलं. गेल्या वर्षी आबा हितंच म्हणाला हुता, मला ल्योक न्हाई, लेक हाय, म्होरच्या साली ती बांधंल. तवा तुमी काय केलं?

दादासाहेब : झालं गेलं ते...

सगुणा : तोंडानं सांगा.

दादासाहेब : रागाच्या भरात हात उठला.

सगुणा : हात न्हाई, काठी. काठीच्या टोकानं त्याचा पटका उडवलात, सगळ्या गावाम्होरं. वर हसलात, सरदार काय बाईच्या हातचं लेणार म्हणून. आबानं धुळीतला पटका उचलला, झटकला, सरदाराच्या जुन्या पुतळ्याला बांधला. रीत मोडली न्हाई. आन् बोडका घरी आला. दुसऱ्या दिशी पटका परत आला, त्याला शिवला न्हाई. थंडीत न्हाई, उन्हात न्हाई. तिरडीवर बी उघडाच गेला.

तात्या : पोरी, माझं मुंडासं घे. हे बघ, सोडतोच.

सगुणा : ऱ्हाऊ द्या तात्या. तुमी आबाला खांदा दिलाय. तुमचं डोकं मला उघडं करायचं न्हाई.

दादासाहेब : मग काय पाहिजे तुला? समितीत घेतो. फलकावर तुझ्या बापाचं नाव घालतो.

सगुणा : तुमच्या डोक्यावरचा सोडा.

दादासाहेब : शुद्धीवर आहेस का? एवढ्या पाहुण्यांसमोर मी बोडक्या डोक्यानं उभा राहू?

सगुणा : तुमी न्हाईतर सरदार. दोघातलं एक डोकं आज उघडं ऱ्हानार. आबाच्या मागं मी रडले न्हाई, दादासाहेब. ह्या दिसाची वाट बघत बसले.

दादासाहेब : बरं. हा घे, मी गाडीतला बांधतो.

सगुणा : बांधा की. तुमी बांधला की म्या सरदाराचा सोडते. दिवस मावळंपर्यंत हितंच पायथ्याला बसनार हाय मी.

तात्या : हलगी सुरू झाली. गाड्या आल्या जनू. दादासाहेब, आता मान ताठ ठिऊन भागायचं न्हाई. सोडा.

दादासाहेब : तात्या, तू पण?

तात्या : मी गेल्या वर्षी बी हितंच हुतो. गप बसलो, त्येच लई झालं.

दादासाहेब : ...घे.

तात्या : चढ पोरी. शिडी धरलीय मी.

सगुणा : कापड मऊ हाय. आबाचं जाडंभरडं हुतं. पर बसलं नीट.

दादासाहेब : झालं समाधान?

सगुणा : झालं. खोटं कशाला बोलू? तात्या, पडदा वढा. आन् दादासाहेब, तिकडं मांडवाच्या सावलीला सरू नका. आबा बी उन्हातच उभा हुता.