जांभळी झालेली पट्टी

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या संस्थेचे आधारस्तंभ रंभाजीराव. नगरहून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, प्राचार्या धनश्रीताई. व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, गावकरी मंडळी आणि मागच्या सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

आताच आमच्या डॉक्टर अंगदने सांगितलं, ढाकणे सरांनी जीवशास्त्र नुसतं शिकवलं नाही, डोळ्यांना दाखवलं. अंगद, मनापासून बोललास, तुझे आभार. पण मानपत्रात ‘विद्यार्थ्यांचे पारखी’ असं वाचलं गेलं, तेव्हा मी मान खाली घातली. तुम्हाला तो विनय वाटला असेल. विनय कसला हो? लाज वाटली मला. ती सांगितल्याशिवाय ही शाल मला अंगावर ठेववणार नाही.

माझा आवडता धडा कोणता, हे इथलं कुणीही सांगेल. भाकरीतला स्टार्च मोडून साखर होते, ती जाळून पेशी ताकद मिळवते. उरलेल्या साखरेच्या साखळ्या जोडून शरीर त्या यकृतात ठेवतं, त्याहून उरलं तर चरबी करतं. आणि खायलाच मिळालं नाही तर? मग बांधलेलं मोडायला घ्यायचं. यकृतातली साखर एखाद्या दिवसात संपते. मग चरबी, आणि स्नायूसुद्धा. चरबी फार मोडू लागली की कीटोन तयार होतात, ते लघवीत उतरतात, आणि त्यात तपासणीची पट्टी बुडवली की ती जांभळी होते. तीस वर्षं हे मी फळ्यावर काढलं. आकृती फार सुरेख यायची माझी.

आठ वर्षांपूर्वीचा डिसेंबर. बारावीचं प्रात्यक्षिक होतं. पुस्तकातल्यावर माझं कधी भागलं नाही, म्हणून नगरहून पट्ट्या आणल्या आणि प्रत्येकाला स्वतःचा नमुना बाटलीत आणायला लावला. पोरं हसली, लाजली, पण घेऊन आली. कुणाच्याच पट्टीचा रंग बदलेना. एकट्या सत्यशीलाची गडद जांभळी झाली.

सत्यशीला पहिल्या बाकावर बसायची. आईवडील कोयता घेऊन कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेले, आणि ही मागे दोन धाकट्या भावांना सांभाळून बारावी करत होती. नर्स व्हायचं होतं तिला.

आणि मी काय केलं? माझी समजूत झाली, पोरीने छाप पाडायला बाटलीत नेलपॉलिश काढायचं पाणी टाकलं. त्यात ॲसिटोन असतं, तेही कीटोनच ना, मी पडलो विद्वान! सगळ्या वर्गासमोर विचारलं, काय मिसळलंस? “कायबी न्हाई, सर,” एवढंच ती म्हणाली. मी तिच्या जर्नलवर लाल रेघ मारली, आणि पालकांना आणल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवायचं नाही असं बजावलं. पालक तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात आहेत, हे मला माहीत होतं. रागाच्या भरात बोललो असतो तर निदान तेवढी सबब असती. मी अगदी शांतपणे बोललो.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

पंधरा दिवसांनी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कडूबाईंनी मला फाटकाशी थांबवलं. म्हणाल्या, “सर, ती पोरगी चार दिस नुस्त्या पान्यावर हुती. मला बी लई उशिरा कळलं.” आईने ठेवलेली बाजरी संपत आली होती. भावांना दुपारी शाळेत खिचडी मिळायची, पण ती आठवीपर्यंतच. बारावीच्या मुलीला कोण देणार? संध्याकाळी असेल त्या पिठाची भाकरी ती भावांना घालायची. मी पालकांना आणायला सांगितलं म्हणून ती भावांना घेऊन फडावर गेली, आणि तिथेच कोयत्याला लागली.

मी फडावर गेलो का? नाही. पत्र लिहिलं? तेही नाही. परीक्षा जवळ आली आहे, पोर्शन राहिला आहे, असं स्वतःला सांगत आठ वर्षं काढली.

या समारंभाच्या निमंत्रणांची यादी करताना कडूबाईंकडून तिचा नंबर घेतला. ती आता राहात्याजवळ एका रोपवाटिकेत कामाला आहे. फोन करून मी माफी मागितली. ती म्हणाली, “पट्टी का जांबळी झाली ते मला तवाच कळलं हुतं, सर. धडा पाठ हुता माझा. पर समद्या वर्गाम्होरं कसं सांगू, घरात खायला न्हाई म्हनून?”

मंडळी, तिला धडा आला होता. मला आला नव्हता.

तिला आज बोलावलं होतं. सुट्टी मिळत नाही म्हणाली. माफ केलं की नाही, ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

संस्थेने मला इतकी वर्षं सांभाळलं, आपण सगळ्यांनी भरभरून माया केली, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. एवढ्याचीच क्षमा मी आपल्याकडे मागतो. त्या दुसऱ्या गोष्टीची आपण देऊ नका, ती आपल्या हातात नाही. कृपा करून टाळ्या वाजवू नका.

नमस्कार.