तारघराच्या भिंतीवरचा आठवा थर

...आणि वर मलाच विचारतात, अगं, आधी विचारायचं नाही का? आता विचारणार कुणाला, भिंतीला? मॅडम गेलेल्या कचेरीत जुने नकाशे शोधायला, वॉचमन गेलेला चहाला, आणि त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या तारघरात मी, माझी अडीच वर्षांची लेक आणि ती भिंत... लाज वाटते हो, पण सांगते. मी नाही सांगितलं तर दुसरं कुणीतरी सांगेल, आणि ते तिखटमीठ लावून सांगेल.

तर तुम्हाला सांगते, आमच्या मॅडम जुन्या इमारतींचा इतिहास लिहितात. म्हणजे कसं, कुणाला जुनी इमारत पाडायची असली की जुन्या वास्तू जपणारी सरकारी समिती म्हणते, आधी जाणकाराचा अहवाल आणा. मग मॅडम जातात, भिंती ठोकून बघतात, विटा मोजतात, दाराचे खिळेसुद्धा भिंगातून बघतात, आणि सांगतात की हे कधीचं, ते कधीचं, यातलं राखायचं काय. आणि मी? मी टेपचं दुसरं टोक धरते. हसू नका. दुसरं टोक कुणी धरलंच नाही तर भिंत मोजणार कशी? शिडी धरते, टॉर्च धरते, विटेचा चुरा पाकिटात भरून वर तारीख घालते. शाळा सातवीपर्यंतच, पण अक्षर वळणदार, ते बघूनच मॅडमनी ठेवून घेतलं.

आता या तारघराचं, म्हणजे जुन्या तार ऑफिसचं, भांडण असं, की मालकाला ते पाडून तिथे गाड्या ठेवायचे मजले चढवायचे होते. त्याचा इंजिनियर म्हणायचा, कसलं जुनं घेऊन बसलात, खालचा मजला तर चाळीस वर्षांचासुद्धा नाही. मॅडम म्हणायच्या, मूळचा आहे. बरं, भिंत काय जन्मदाखला घेऊन उभी राहते? पण रंग असतो ना! ज्याच्या मनात आलं त्यानं आपापला रंग थापलेला. मॅडमनी खिडकीखाली तळहाताएवढी जागा धरली आणि डॉक्टर लोकांच्या बारीक पात्यानं एकेक थर खरवडायला बसल्या. वरचा जरासा, त्याच्याखालचा थोडा बाजूला, त्याच्याखालचा अजून बाजूला... जिन्याच्या पायऱ्याच जशा. पिवळा, फिका निळा, गुलाबी (तो कुणाच्या डोक्यातून निघाला, देव जाणे), राखाडी, पुन्हा पिवळा, चॉकलेटी, आणि सगळ्यात खाली सातवा, हिरवा. बांधकामाच्या जुन्या बिलात लिहिलेला तोच हिरवा. तीन दिवस लागले याला. तीन दिवस मी टॉर्च धरून, शिंक आली तरी गिळून. हिरवा लागला तेव्हा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो काढले, पण इंजिनियर म्हणाला, फोटोत काय हो, काहीही करता येतं. म्हणून ठरलं, गुरुवारी समिती स्वतः येऊन बघणार आणि मगच सांगणार, तारघर राहणार की जाणार. सगळं काही त्या तळहाताएवढ्या जागेवर!

आणि काम आवरताना, तोंडावरची पट्टी सोडता सोडता, मॅडम सहज म्हणाल्या, "हात नीट धू गं. जुन्या रंगात शिसं असतं. लेकरांच्या पोटात गेलं तर डोक्यावर परिणाम होतो."

सहज? पोरीच्या आईला असं सहज सांगतात? घरी गेले ती तडक मोरीत. कपडे वेगळे, केस धुतले, चपला घासल्या. सासूबाई म्हणाल्या, इतिहासात गेली होतीस का गटारात? लेकीची जीभ बघितली, नखं बघितली. ती कावळ्याला काळवा म्हणाली, तर मी म्हटलं, झाला परिणाम! उचलली आणि डॉक्टरांकडे नेली. डॉक्टर म्हणाले, मुलगी उत्तम आहे, तुम्हाला काही होतंय का? मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. तेव्हा हसले का, ते आता कळतं.

आणि नेमकं बुधवारी सासूबाईंना डोळे दाखवायला जायचं होतं, यांना रजा नाही, शेजारीण गावाला. घेतली लेकीला बरोबर. लांबच्या कोपऱ्यात चादर घातली, वर बाहुली, बिस्किटं, सगळं मांडलं. पाकिटावर तारीख घालायला मान खाली घातली, एवढंच. वर बघते तर पोरगी खिडकीखाली! तिच्या नाकासमोर सात रंगांची खपली, सोडेल ती? नखानं टोकरतेय, आणि बोट... बोट तोंडात! कशी धावले, मला आठवत नाही. तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, ती रडली तेव्हा उघड्या तोंडात आणखी धुतलं. तिथे कागद चिकटवला, तिनं तो ओढून काढला. जिन्याखाली वॉचमनच्या खोलीसाठी आणलेला पांढऱ्या रंगाचा डबा होता. ब्रशही होता. मग काय, मारले दोन हात. कडाही साफ पुसून घेतल्या, मला अर्धवट काम आवडत नाही. मागं सरून बघितलं आणि... लाज वाटते हो, पण सांगते, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की घरी येऊन भात टाकेपर्यंत काही सुचलंच नाही. मग सुचलं. पातेलं हातातच राहिलं. मॅडमना फोन लावायला घेतला, ठेवला. पुन्हा घेतला, ठेवला. सात वेळा. जेवढे थर तेवढ्या वेळा.

गुरुवारी समिती आली. चौघं जण, पुढे पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई, मागे इंजिनियर हसत हसत. मी सगळ्यांच्या मागे, खांबाआड. मॅडम लोकांकडे तोंड करून बोलत होत्या, आणि न बघताच त्यांनी भिंतीकडे हात केला. म्हणाल्या, आता तुम्हीच पाहा.

इंजिनियर म्हणाला, "पाहिली. नवीच दिसते."

मॅडम वळल्या. रंग उडाला तो त्यांच्या तोंडाचा. मग हळूहळू चढला, आणि त्या इंजिनियरकडे बघून म्हणाल्या, काल मी नाही हे बघून तुमच्या माणसांनी हे केलं. अध्यक्षबाईंच्या कपाळाला आठ्या, बाकीचे माना डोलावतायत, आणि इंजिनियर, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदाच रडवेला. आता तुम्हीच सांगा, मी गप्प बसले असते तर? तारघर वाचलं असतं, नोकरी वाचली असती, आणि त्या माणसाला तसंही कुणी चांगलं म्हणत नव्हतं. पण खांबामागून माझाच आवाज आला, "मी लावला. पोरगी बोट चाटत होती."

मॅडम ओरडल्या असत्या तर परवडलं असतं हो. त्यांनी माझ्याकडे पाठच केली. मग अध्यक्षबाईंना म्हणाल्या, ती जागा आता गेली, मी शेजारी नवी उघडते, तुमच्यासमोर. आणि इस्त्रीच्या साडीत खाली बसल्या. माझ्याकडे न बघता हात मागे केला. मी टॉर्च धरला. तासाभरात फिक्या निळ्यापर्यंतच पोचलो. अध्यक्षबाईंनी आठवड्याची मुदत दिली, आणि त्या आठवड्यात मॅडम माझ्याशी फक्त "वर", "खाली" आणि "हलू नको" एवढंच बोलल्या. पण लागला हिरवा! समितीनं बघितला, इंजिनियरनंही भिंग मागून घेतलं. तारघर राहिलं.

अहवाल मी वाचला. पान चाळीस. थर पहिला ते सातवा, सगळे ओळीनं, आणि खाली, थर आठवा, पांढरा, घाईत दिलेला, ब्रशचे केस अडकलेले, देणारी आमचीच मदतनीस, कारण लहान मूल. मी मॅडमचे पाय धरले, म्हटलं, एवढं खोडा. त्या म्हणाल्या, "झालं ते लिहायचं असतं गं. पोरीला माझ्या घरी का नाही सोडलीस?"

म्हटलं, कागदावरचं राहू दे, निदान भिंतीवरचं तरी घासून टाकू. परवा तारेची घासणी घेऊन गेले. वॉचमननं दारातच अडवलं. तिथे आता समितीची पाटी लागलीय... या भिंतीवरचा कुठलाही थर परवानगीशिवाय काढल्यास दंड होईल. म्हणजे माझ्या लाजेलासुद्धा आता सरकारी संरक्षण!